एमजीबी (१९६६) : घाट चढताना इंजिन दम टाकते, निदान कसे करावे?

शेफील्डकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आहे. इंजिन पाच मेन बेअरिंगचे, १७९८ सीसीचे, मूळचे बी-सिरीज आहे. दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर, मागच्या बाजूला विजेवर चालणारा एसयूचा पेट्रोल पंप आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले) अशी सगळी मांडणी कारखान्यातून आली तशीच आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेले नाही.

सपाट रस्त्यावर गाडीबद्दल तक्रार करावी असे काही नाही. पण शेफील्डहून ए५७ रस्त्याने निघून लेडीबावर जलाशय मागे टाकला आणि स्नेक पासचा लांब चढ सुरू झाला की सुरुवातीचा भाग ती नीट ओढते, आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये ३,५०० आरपीएमच्या आसपास हळूहळू मंदावत जाते. ॲक्सिलरेटर जितका जास्त दाबावा तितकी ती अधिक मरगळते. पाय थोडा उचलला तर किंचित सावरते. माथ्यावर थोडा वेळ उभी करून पुन्हा सुरू केली की जणू काही झालेच नव्हते अशी धावते.

गेल्या हिवाळ्यात एका गॅरेजने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म, कॅप आणि प्लगच्या वायरी बदलल्या, दोन्ही कार्ब्युरेटरना नवे किट टाकून ते जुळवले, आणि तरीही फरक न पडल्यामुळे आता हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च करण्यापूर्वी एकेक शक्यता मोजून बाद करत कारणापर्यंत पोहोचावे अशी माझी इच्छा आहे. कोणत्या क्रमाने जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कॉव्हेंट्रीकर

वर्णन इतके नेमके दिल्याबद्दल आभार, कारण निदानाचे निम्मे काम त्यानेच होते. गाडी ओढत नाही म्हटल्यावर पार्ट बदलत सुटणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे आहे, आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत त्याचा तोटा दुहेरी असतो. आज बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर आणि रोटर आर्म जुन्यांपेक्षा कमी टिकाऊ असल्यामुळे एक दोष शोधताना दुसरा पदरात पडू शकतो. म्हणून बदललेले जुने पार्ट गॅरेजकडून परत मिळाले असतील तर टाकू नका.

इंजिनाला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडी खरोखर मोकळी धावते का. ब्रेकची पुढची रबरी नळी आतून फुगली की तेल कॅलिपरकडे जाते, पण पाय उचलल्यावर परत येत नाही; पॅड डिस्कला घासत राहतात आणि चालवणाऱ्याला वाटते की इंजिनाची ताकद गेली. घाट चढून आल्यावर लगेच सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकलून पाहा आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले आहे का ते बघा. दुसरी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर कार्ब्युरेटरचे थ्रॉटल पूर्ण उघडते का. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून दोन्ही थ्रॉटलचे लिव्हर शेवटपर्यंत जातात का ते पाहावे. केबल सैल असली किंवा पेडलखाली जाड गालिचा आला असला तर पाव भाग थ्रॉटल तिथेच हरवते, आणि कार्ब्युरेटर कितीही जुळवले तरी ते परत येत नाही.

ही दोन्ही ठीक निघाली तर मग प्रश्न तीनच उरतात: पेट्रोल पुरेसे पोहोचते का, ठिणगी योग्य वेळी आणि पुरेशी पडते का, आणि इंजिन नीट श्वास घेते का. तुमच्या गाडीच्या बाबतीत पहिल्या दोघांमधला फरक सांगणारे एक उपकरण डॅशबोर्डवर आधीच बसलेले आहे. १९६६ च्या एमजीबीतला स्मिथ्सचा रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिनाची गती दाखवणारा काटा, ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या कॉइलकडे जाणाऱ्या विजेवर चालतो. ती वायर त्याच्यातूनच फिरून जाते. गाडी गिअरमध्ये असताना आणि चाके इंजिनाला फिरवत असताना ताकद गेली, आणि त्या क्षणी काटा एकदम थरथरला किंवा शून्याकडे पडला, तर कॉइलच्या प्राथमिक सर्किटमध्ये, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, इग्निशन स्विच किंवा एखाद्या जोडात दोष आहे. काटा इंजिनाच्या गतीबरोबर शांतपणे उतरत असेल तर ते सर्किट बहुतांशी निर्दोष आहे आणि संशय पेट्रोलकडे किंवा हाय टेन्शन बाजूकडे, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या भागाकडे, वळतो.

त्याच वेळी आणखी एक करा. लक्षण सुरू झाले की चोक अर्धा ओढा. एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढल्याने जेट खाली उतरते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. त्याने क्षणभर तरी ताकद परत आली तर इंजिन पेट्रोलासाठी भुकेले आहे असे समजावे.

करवीर१४८९

काका, मी कोल्हापुरात १४८९ सीसीची अँबॅसिडर चालवतो. तिचे इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले, आणि स्ट्रोकही एमजीबीइतकाच, ८८.९ मिमी, फक्त बोअर ७३ मिमीचा, तुमच्याकडे ८०.२६. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी घरचा वाटतो. आंबा घाट चढताना माझ्या गाडीला हुबेहूब असेच होत असे आणि ते कंडेन्सरमुळे निघाले. थंड असताना ठीक, तापला की निकामी, थांबून गार झाला की पुन्हा ठीक. इथे कंडेन्सर नवा असला तरी तोच आधी बदलून पाहावा असे मला वाटते. आमच्याकडचे मिस्त्री गाडी ओढत नाही म्हटले की आधी डेल्को (डिस्ट्रिब्युटर) उघडतात, ते उगीच नाही.

कॉव्हेंट्रीकर

करवीर, तुमची शंका योग्य आहे आणि ती बाद केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पण दोन्ही आजारांची चाल वेगळी असते. कंडेन्सर किंवा कॉइल तापून दगा देते तेव्हा मिसिंग होते, धक्के बसतात, सायलेन्सरमधून फटाके ऐकू येतात. पेट्रोल कमी पडते तेव्हा इंजिन धक्का न देता ओसरत जाते आणि पाय उचलल्यावर सावरते, कारण मागणी कमी झाली की फ्लोटचे भांडे, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, पुन्हा भरू लागते. धागाकर्त्यांनी 'हळूहळू मंदावत जाते' असे लिहिले आहे. तरीही रेव्ह काउंटर काय सांगतो ते आधी कळू द्या.

२५डी४ मध्ये एक जागा मात्र पाहून ठेवाच. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूममुळे थोडी फिरते, आणि तिला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी विणलेली बारीक अर्थ वायर असते. हजारो वेळा वाकून तिच्या तारा आतल्या आत तुटतात. वरून कापडी वेष्टन शाबूत दिसते. मग प्लेट एका स्थितीत असताना ठिणगी पडते आणि दुसऱ्या स्थितीत पडत नाही. मीटर लावून, प्लेट बोटाने हलवत, रोध बदलतो का ते पाहावे.

लेस्टरवासी

माझ्या मते हा व्हेपर लॉक आहे, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते लवकर उकळते. एमजीबीचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला असल्यामुळे उष्णता थेट वर जाते. कार्ब्युरेटरमागचा उष्णतारोधक पत्रा आणि त्याचे अस्तर जागेवर आहे का? नसेल तर तेच कारण धरून चला.

कॉव्हेंट्रीकर

पत्रा पाहायलाच हवा, पण व्हेपर लॉकचा काळ सहसा वेगळा असतो. गाडी जोरात चालवून थांबवली, इंजिनाची उष्णता बॉनेटखाली कोंडली आणि पुन्हा निघालो, की तो त्रास देतो. चढावर मोठे थ्रॉटल उघडे असताना पेट्रोल सतत आणि वेगाने वाहत असते, ताजे व थंड पेट्रोल मागून येत असते, शिवाय एमजीबीचा पंप मागे असल्यामुळे इंजिनाजवळची नळी दाबाखाली असते. इथे उलट गाडी थांबवल्यावर बरी होते, म्हणजे कोंडलेल्या उष्णतेने ती बिघडत नाही. म्हणून तुमचा तर्क मी यादीत खाली ठेवेन.

शेफील्डकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

चाके मोकळी आहेत. माथ्यावर पोहोचताच गाडी हाताने सहज ढकलली गेली आणि कोणतेही चाक वेगळे तापलेले नव्हते. दोन्ही थ्रॉटल पूर्ण उघडतात. उष्णतारोधक पत्रा अस्तरासह जागेवर आहे. अर्थ वायरचा रोध प्लेट हलवताना बदलत नाही.

रेव्ह काउंटरकडे शेजारी बसलेल्या मित्राने लक्ष ठेवले. ताकद ओसरत असताना काटा न थरथरता, गाडीच्या वेगाबरोबर सरळ खाली आला. चोक ओढल्यावर इंजिनाने स्पष्ट उसळी घेतली, पण थोड्याच अंतरात पुन्हा मान टाकली. आणखी एक गोष्ट लक्षात आली. रस्त्याकडेच्या थांब्यात गाडी घेऊन इंजिन बंद केले आणि लगेच फक्त इग्निशन चालू केले, तेव्हा मागचा पंप बराच वेळ भराभर टिकटिकत राहिला आणि मग थांबला. घरी, थंड गाडीत, तो चार-सहा टिकटिकींत शांत होतो.

कॉव्हेंट्रीकर

त्या टिकटिकीने बरेच काही सांगितले. एसयूचा पंप फ्लोटची भांडी भरली की थांबतो. थांब्यात तो बराच वेळ चालला याचा अर्थ भांडी जवळजवळ रिकामी होती. आणि भराभर चालला याचा अर्थ त्याला पुरेसे पेट्रोल मिळत नव्हते. वीज न मिळाल्याने तो अडला असता तर टिकटिक मंद किंवा बंद झाली असती. म्हणजे दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे.

आता किती पेट्रोल लागते याचा हिशेब करू. या इंजिनाची जाहीर ताकद ५,४०० आरपीएमला ९५ अश्वशक्ती. त्या काळच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला ढोबळ अर्धा पौंड पेट्रोल लागते असे धरले, तर तासाला सुमारे ४७ पौंड, म्हणजे साधारण २९ लिटर, म्हणजेच मिनिटाला जवळजवळ अर्धा लिटर. म्हणून एमजीबीच्या जाणकारांत मिनिटाला किमान एक ब्रिटिश पाइंट, म्हणजे ५७० मिली, ही कसोटी मानली जाते. धडधाकट पंप त्याच्या दुपटीच्या जवळ जातो. सपाट रस्त्यावर ६० मैलांच्या वेगाला याच्या एक तृतीयांशही लागत नाही, त्यामुळे प्रवाह निम्म्यावर आला तरी रोजच्या वापरात तो दोष दिसतच नाही. चढ लागला की दिसतो, आणि तोही लगेच नाही, भांड्यांतला साठा संपल्यावर.

प्रवाह असा मोजा. गाडी मोकळ्या जागेत, इंजिन पूर्ण थंड, अग्निशामक हाताशी, जवळपास ज्योत किंवा दिवा नाही. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवून मापाच्या खुणा असलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये धरा. इग्निशन चालू करण्यापूर्वी कॉइलची पांढरी वायर काढून तिचे टोक नीट झाकून ठेवा. नाहीतर पॉइंट मिटलेले असताना कॉइल विनाकारण तापत राहते. आणि महत्त्वाचे म्हणजे एकच मिनिट मोजून थांबू नका. सलग चार-पाच मिनिटे चालवा आणि प्रत्येक मिनिटाचा आकडा वेगळा लिहा. तुमचा दोष वेळाने येणारा आहे, तो पहिल्या मिनिटात सापडणार नाही.

करवीर१४८९

टाकीच्या झाकणाचे छिद्रही पाहा. हवा आत जायला वाट नसेल तर पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी वाढते आणि पंपाला ओढवत नाही. त्यात लक्षण अगदी असेच दिसते: काही वेळाने दम जातो, थांबले की हवा झिरपून पुन्हा ठीक. मोजणी एकदा झाकण लावून आणि एकदा काढून केली तर दोन्हींचा निकाल लागेल.

शेफील्डकर (धागाकर्ता)

मोजणी झाली. झाकण लावून पहिल्या मिनिटाला ८५० मिली, दुसऱ्याला ७००, तिसऱ्याला ३८०, चौथ्याला ३०० आणि पाचव्यालाही ३००. तिसऱ्या मिनिटापासून पंपाची टिकटिक ऐकून कळेल इतकी वेगवान झाली. झाकण काढले तरी आकडा वर गेला नाही, म्हणजे छिद्राचा दोष नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केले तर पुन्हा ८५० पासून उतरती कळा. पंपाच्या टर्मिनलवर, तो चालू असताना, व्होल्टेज बॅटरीपेक्षा फक्त ०.३ व्होल्टने कमी आहे.

कॉव्हेंट्रीकर

नमुनेदार आकडे आहेत. पंप पहिल्या मिनिटाला ८५० देतो, म्हणजे पंप चांगला. वीज चांगली. झाकण चांगले. तरीही ओढत राहिल्यावर वाट अरुंद होते आणि ओढणे थांबवल्यावर ती पुन्हा मोकळी होते. टाकीतला गाळ तोंडाशी येऊन बसणे, किंवा पंपाच्या आधीची एखादी नळी आतून सुटून मिटणे, या दोनच गोष्टी असे वागतात. टाकी बरीचशी रिकामी करा, गाडीचा मागचा भाग भक्कम स्टँडवर घ्या आणि टाकीपासून पंपापर्यंतचा तुकडा सोडवा. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका.

शेफील्डकर (धागाकर्ता)

सापडले.

टाकी आणि पंप यांच्यामधली मूळची धातूची नळी पूर्वी कधीतरी गंजली असावी, कारण तिचा मधला भाग कापून तिथे वीतभर लांबीचा रबरी नळीचा तुकडा दोन क्लिपांनी बसवलेला होता. बाहेरून तो नव्यासारखा होता. भेग नाही, ओल नाही, दाबून पाहिल्यावर मऊपणा नाही. फुंकून पाहिले तर हवा आरपार गेली, त्यामुळे मी तो पुन्हा बसवण्याच्या बेतात होतो. पण उलट टोकाने तोंडाने जोरात ओढून पाहिल्यावर तो चट्कन बंद झाला.

धारदार चाकूने नळी लांबीच्या दिशेने उभी चिरली. आतला काळा थर एका बाजूने मूळ रबरापासून सुटला होता आणि साधारण दोन बोटे लांबीची त्याची जीभ पंपाच्या दिशेने लोंबत होती. पेट्रोल सोडल्यावर ती फुगलेली आणि चिकट लागत होती. हात लावला की बोटांवर काळे उमटत होते. पंप ओढत राहिला की ती जीभ हळूहळू प्रवाहात येऊन भोक मिटवत होती, आणि पंप थांबला की पुन्हा भिंतीला टेकत होती. नळीवर कोणताही दर्जा छापलेला नव्हता.

टाकीचे तोंड स्वच्छ निघाले. मी नव्या धातूच्या नळीचा पूर्ण तुकडा घातला आहे आणि पंपाच्या पुढची, बॉनेटखालचीही सगळी रबरी नळी बदलली आहे. पुन्हा मोजणी केली: पाचही मिनिटे ८४० ते ८६० मिली. मग स्नेक पासवर गेलो. ज्या वळणापासून गाडी मंदावायची तिथून ती तिसऱ्या गिअरमध्ये माथ्यापर्यंत एकसारखी ओढत गेली.

तरीही एक उरले आहे आणि ते लिहिणे आवश्यक वाटते. ४,००० आरपीएमच्या पुढे इंजिन जड वाटते. आता ते ओसरत नाही, पण चढतही नाही. पूर्वीच्या दोषाखाली हे झाकले गेले असावे.

लेस्टरवासी

अभिनंदन, आणि माझा व्हेपर लॉकचा तर्क इथे लागू नव्हता हे आकड्यांनी स्पष्ट झाले. वरच्या गतीसाठी मात्र आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाकावे असे सुचवतो. पॉइंटची झीज, कंडेन्सरचा दर्जा हे प्रश्नच राहणार नाहीत.

कॉव्हेंट्रीकर

इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याला माझा विरोध नाही. पॉझिटिव्ह अर्थसाठीचा घेतला म्हणजे झाले. पण तो पॉइंटची जागा घेतो, डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या वजनांची नाही, आणि माझा संशय तिथे आहे.

बहुतेक गॅरेज इग्निशनचे टायमिंग इंजिन उभे असताना किंवा आयडलला पाहतात. या इंजिनाला उभ्या स्थितीत १० अंश आगाऊ लागतात, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या १० अंश आधी ठिणगी पडायला हवी. ते जुळले म्हणजे झाले असे धरले जाते. वास्तविक गती वाढत जाते तशी ठिणगी आणखी आधी पडायला हवी, आणि ते काम डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी असलेली दोन फिरती वजने आणि दोन स्प्रिंगा करतात. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केल्यावर, ३,००० आरपीएमच्या पुढे एकूण आकडा ढोबळ ३० ते ३२ अंशांपर्यंत पोहोचायला हवा. वजने गंजून अडकली असतील तर तो १५ ते २० वरच थांबतो. खालच्या गतीला गाडी गोड चालते आणि वर चढत नाही.

स्ट्रोब (टायमिंग पाहण्याचा लुकलुकणारा दिवा) लावण्यापूर्वी पुलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवता येतो का ते तपासा. पुलीची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने चिकटवलेली असते, आणि इतक्या वर्षांनी रबर सुटले तर कडी सरकून खूण खोटे बोलू लागते. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून, त्याच्या भोकात पिस्टनला अडवणारा बोल्ट घालून, इंजिन हाताने दोन्ही दिशांनी अलगद टेकेपर्यंत फिरवा आणि दोन्ही वेळा पुलीवर खडूने खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप डेड सेंटर, पिस्टन अगदी वर असण्याची जागा. तो कारखान्याच्या खुणेशी जुळला पाहिजे.

आणि प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशनही मोजून घ्या, इंजिन गरम असताना, चारही प्लग बाहेर आणि थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून. शेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकत्र पडला तर गॅस्केट, एकाचाच पडला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. त्याच बैठकीत टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतले, अंतरही पाहा.

शेफील्डकर (धागाकर्ता)

पुलीची खूण खरी आहे. मध्य तिच्यावरच आला. कॉम्प्रेशन अनुक्रमे १६०, १५५, १५५ आणि १६० पीएसआय, त्यामुळे हेड उतरवण्याचा प्रश्न तूर्त मिटला असे मी समजतो.

स्ट्रोबने मात्र तुमचा संशय खरा ठरवला. आयडलला सगळे ठीक, पण ३,५०० आरपीएमलाही एकूण १८ अंशच. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून प्लेट उचलली. खाली जुने ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झाले होते आणि एक वजन त्याच्या खिळ्यावर गंजाने धरले होते. बोटाने ढकलले तर हलत नव्हते. वजने आणि खिळे स्वच्छ केले, पातळ तेलाचे थेंब दिले, स्प्रिंगा मूळच्याच होत्या त्या तशाच ठेवल्या. रोटर आर्मखालच्या स्क्रूवरही तेलाचे दोन थेंब सोडले, कारण तिथूनच शाफ्टला तेल पोहोचते हे उघडल्यावर समजले. परत बसवून टायमिंग लावले: उभ्या स्थितीत १०, आणि ३,५०० ला ३१ अंश.

फरक शब्दांत सांगणे कठीण आहे. ४,००० च्या पुढे इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि ५,००० पर्यंत ते विनासायास गेले.

टॅपेट नऊच्या बेरजेच्या रीतीने तपासले, म्हणजे आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचे अंतर, सातवा असताना दुसऱ्याचे, याप्रमाणे. थंड इंजिनावर ०.३८ मिमी हवे. सगळे त्याच्या जवळ होते. फक्त चौथा आणि पाचवा ०.२५ निघाले. गॅरेजच्या बिलात टॅपेट जुळवल्याची नोंद आहे. याचा काय अर्थ घ्यावा?

कॉव्हेंट्रीकर

चौथा आणि पाचवा हे दोन्ही एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे, आणि बी-सिरीजच्या हेडमध्ये त्या दोघांचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक असतो. हेडचा सर्वांत तापणारा भाग तोच. हेड बिडाचे आहे, आणि व्हॉल्व्ह मिटताना ज्यांवर टेकतात त्या मूळ सीट शिसेयुक्त पेट्रोलवर चालायच्या होत्या; ते पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० च्या आरंभापासून सर्वसाधारण विक्रीतून गेले. त्या सीट चढावर आणि मोटरवेवर, जास्त भारात, हळूहळू झिजतात. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो आणि टॅपेटचे अंतर कमी होते. ते शून्यावर आले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि मग व्हॉल्व्ह जळतो.

पण एका मोजणीवरून हेड उतरवू नका. मागच्या वेळी ते नीट जुळवले होते याची खात्री आपल्याला नाही. दोन्ही ०.३८ ला लावा, आकडे तारीख आणि मैलांसह लिहून ठेवा, आणि दर ५०० मैलांनी पुन्हा पाहा. तेच दोन पुन्हा पुन्हा मिटत गेले तरच हेड उतरवून एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. तोपर्यंत सीटचे संरक्षण करणारे मिश्रण पेट्रोलात घालत राहा, आणि शक्य असेल तेव्हा ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) लिहिलेले सुपर भरा. सीटसाठी नाही, तर नळ्या आणि पंपाच्या पडद्यासाठी.

करवीर१४८९

शेवटचा एक प्रश्न, कारण आमच्याकडे आता पंपावर सरसकट २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते आणि माझ्या अँबॅसिडरच्या रबरी नळ्या किती जुन्या आहेत याचा पत्ता नाही. नवी नळी घेताना काय पाहून घ्यावी?

शेफील्डकर (धागाकर्ता)

मी एसएई जे३० आर९ असा शिक्का अंगावर छापलेली घेतली आहे. तिच्या आतला थर फ्लोरोइलॅस्टोमरचा असतो आणि इथेनॉलने फुगत नाही. जुनी, आर६ शिक्क्याची नळी दुकानात अजून मिळते, ती नको. शिक्का वाचूनही दुकानदाराकडून टोकाचा एक पातळ काप कापून घ्या. आतला थर बाहेरच्या रबरापासून रंगाने आणि चमकीने वेगळा दिसला पाहिजे. क्लिप कडेला गोल वळवलेल्या घ्या, कारण दातेरी क्लिपा नळीत रुततात. आणि टाकी ते पंप या भागात शक्यतो रबर ठेवूच नका. जिथे ठेवावेच लागेल तिथे तुकडा लहानात लहान ठेवा, आणि बसवण्यापूर्वी फुंकून नव्हे, ओढून पाहा.